श्यामची आई कोणाच्या मालकीची?

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना शाळेत कधी ना कधी सांगितलं जातंच. ९ फेब्रुवारी १९३३ ला गुरुजी लिहायला बसले आणि १३ तारखेच्या पहाटे लेखन संपलं. पुस्तक १९३५ साली आलं. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि पुढच्याच वर्षी त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. मग सत्तर वर्षांनी, १० नोव्हेंबर २०२३ ला, सुजय डहाके यांनी त्याच पुस्तकावर त्याच नावाचा चित्रपट आणला, तोही कृष्णधवल. त्यालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढं सगळं आपल्याला अभिमानाने सांगता येतं. पण दुसऱ्यांदा चित्रपट काढणाऱ्याने परवानगी कोणाकडे मागायची असते, असं विचारलं की सभागृह गप्प होतं. गुरुजींच्या नातेवाइकांकडे? प्रकाशकाकडे? की अत्र्यांच्या वारसांकडे?

पुस्तकापुरतं उत्तर सोपं आहे: कोणाकडेच नाही. गुरुजी ११ जून १९५० ला गेले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं हक्क राहत, म्हणजे गुरुजींच्या लेखनाची मुदत २००० च्या अखेरीस संपायची. ती संपली नाही, आणि त्याचं कारण बंगालात आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली वारले, त्यांच्या साहित्याचे हक्क १९९१ च्या शेवटी सुटणार होते आणि विश्वभारतीला ते सोडायचे नव्हते. १९९२ च्या दुरुस्तीने सगळ्यांचीच मुदत साठ वर्षांची झाली. रवींद्रनाथांसाठी उघडलेल्या दारातून साने गुरुजीही आत गेले, त्यांच्या पुस्तकांना दहा वर्षं जास्त मिळाली. १ जानेवारी २०११ पासून मात्र ‘श्यामची आई’ कोणीही छापावी, कोणीही त्यावर नाटक बसवावं, चित्रपट काढावा. बाजारात एकाएकी इतक्या प्रकाशकांच्या इतक्या आवृत्त्या का दिसू लागल्या, याचं उत्तर त्या तारखेत आहे.

चित्रपटाकडे वळलं की गुंता सुरू होतो. चित्रपटाचे हक्क कायद्याच्या कलम २६ प्रमाणे प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतात. त्या हिशेबाने अत्र्यांचा चित्रपट २०१३ च्या अखेरीस मोकळा झाला. गाण्यांच्या ध्वनिमुद्रणालाही तेवढीच मुदत. पण पटकथा-संवाद आणि काही गाणी लिहिणारे अत्रे १३ जून १९६९ ला गेले, म्हणून त्यांच्या शब्दांची मुदत २०२९ च्या शेवटापर्यंत. वसंत देसाई १९७५ साली गेले, म्हणून चालींची २०३५ पर्यंत. चित्रपटात कवी यशवंतांची आईवरची जी कविता आहे तिचे कवी १९८५ साली गेले, म्हणून तिची २०४५ पर्यंत. मालक कोण हे करारावरून ठरतं, मुदत मात्र लिहिणाऱ्याच्या मृत्यूवरून. म्हणजे जुन्या चित्रपटाची फीत दाखवायला हरकत नाही असं म्हणणाऱ्याच्या समोर त्याच फितीतल्या गाण्याचा हक्कदार उभा राहू शकतो. आणि नव्या चित्रपटाला पुस्तक फुकट मिळतं, पण अत्र्यांनी पडद्यासाठी रचलेलं एक वाक्यही घेता येत नाही.

शेती असलेल्या माणसाला हे समजावून सांगायला कायद्याची पुस्तकं लागत नाहीत, सातबारा पुरे. शेत एकाचं असतं, विहिरीत हिस्सा दुसऱ्याचा, बांधावरचा आंबा तिसऱ्याचा, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा. शेत विकत घेणारा रकाना वाचून घेतो. गोष्ट घेणारा मात्र मुखपृष्ठ पाहून घेतो, आणि तिथेच पुढच्या भांडणाची पायाभरणी होते. हाती असलेलं पुस्तक हा रकाना वाचायला शिकवण्यासाठी लिहिलेलं आहे.

पुस्तक तयार झालं ते आपल्या देवळा तालुक्यात, शिक्षक आणि वाचनालय चालवणाऱ्या काही मंडळींच्या धडपडीतून. देवळा १९९९ साली तालुका झाला. कांदा, डाळिंब आणि गिरणेचं पाणी यांच्या बातम्यांसाठी तो ओळखला जातो, कॉपीराइटच्या खटल्यांसाठी नाही. इथल्या माणसाला या विषयाचं काय, असं मलाही संपादकांनी हस्तलिखित हातात ठेवलं तेव्हा वाटलं. पण तालुक्यातल्या कोणत्याही शाळेच्या गॅदरिंगमध्ये बसून बघा. एका तासात चार चित्रपटांची गाणी, दोन कार्टूनची सोंगं, एक ‘श्यामची आई’तला प्रसंग. पूर्वी हे सगळं मंडपातच विरून जायचं. आता हौशी पालक मोबाइलवर टिपतात, शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र चालू असतं पण आवाज गेलेला असतो. पोरं रंगमंचावर मुकाट्याने उड्या मारताना दिसतात. संगणकाने गाणं ओळखलं, हक्कदार कंपनीचा दावा लागला, आवाज बंद. संपादकांतल्या एका बाईंना याच प्रकारावरून पालकांनी विचारलं, ‘मॅडम, आपण चोरी केली का?’ त्या प्रश्नाचं धड उत्तर कुठल्याच मराठी पुस्तकात सापडेना, म्हणून हे पुस्तक.

उत्तर असं आहे की शाळेने चोरी केली नव्हती. कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमाला सूट आहे: शिक्षक आणि विद्यार्थी नाटक, गाणी सादर करू शकतात, आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक असे संस्थेशी संबंधित असतील तर चित्रपट दाखवायला किंवा ध्वनिमुद्रण वाजवायलाही हरकत नाही. हौशी मंडळाने फुकट केलेल्या प्रयोगालाही वेगळी सूट आहे. पण ही सूट मंडपापुरती. तीच गोष्ट इंटरनेटवर गेली की प्रेक्षक सगळं जग होतं आणि सूट तोकडी पडते. पहिल्या प्रकरणात हा फरक उदाहरणांसह समजावला आहे. मुख्याध्यापकांनी निदान तेवढं तरी वाचावंच.

गॅदरिंगमधलं हुकमी पात्र म्हणजे मोगली. रडयर्ड किपलिंग १९३६ साली गेला. भारतात त्याचं सगळं लेखन १९८७ पासून मोकळं आहे. त्याच्या ‘जंगल बुक’ची भूमी मध्य प्रदेशातलं सिवनी, आपल्या नागपूरपासून फार लांब नाही. तेव्हा मोगली, बघीरा, शेरखान आपले म्हणायला कोणाची ना नाही. पण नाटुकल्यात माकडांचा एक राजा ठेवला, तो ओरांगउटान असला आणि माणसासारखं व्हायचंय म्हणून नाचू लागला, की तुम्ही किपलिंगच्या रानातून निघून डिस्नेच्या आवारात शिरलात. किपलिंगच्या माकडांना राजाच नाही. पुढारी नसणं हेच तर त्यांचं लक्षण त्याने रंगवलंय. राजा लुई १९६७ च्या चित्रपटासाठी घडवला गेला. तसाच का हा अजगर. मूळ गोष्टीत तो मोगलीचा जिवाभावाचा मित्र, त्याला माकडांच्या तावडीतून सोडवणारा. डिस्नेने त्याला मोगलीला गिळायला टपलेला केला. माझ्या पिढीच्या पुढच्या लोकांचा मोगली तर तिसराच: जपानी चित्रमालिकेतून दूरदर्शनवर हिंदीत आलेला, गुलजारांच्या गाण्यासह. तो संच आणखी वेगळ्या मालकांचा. एकच पोर, एकच लांडग्यांचा कळप आणि तीन सातबारे. कुठला मोगली मनात धरून आपण लिहितोय, हे नाटुकलं लिहिणाऱ्या गुरुजींनाही ठाऊक नसतं. चाचणी सोपी आहे: मूळ पुस्तक वाचा. त्यात आहे ते तुमचं, त्यात नाही ते विचारून घ्या.

परदेशातले मोठे तंटेही याच सीमेवर झालेले आहेत. फ्रँक बाउमच्या १९०० सालच्या ‘ओझ’मध्ये डोरोथीच्या पायात चांदीचे जोडे आहेत. १९३९ च्या चित्रपटात ते माणकांसारखे लाल झाले, कारण रंगीत फितीवर लाल उठून दिसतो. पुस्तक १९५६ सालीच मोकळं झालं, लाल जोडे मात्र चित्रपटाच्या मालकांचे. डिस्नेने २०१३ मध्ये ओझवर चित्रपट काढला तेव्हा एवढ्या बलाढ्य कंपनीलाही ते जोडे वापरता आले नाहीत. त्याच जुन्या चित्रपटाच्या जाहिरातीची छायाचित्रं घेऊन एका कंपनीने टी-शर्ट आणि खेळणी काढली, वॉर्नर ब्रदर्स कोर्टात गेली. २०११ साली अमेरिकन अपील न्यायालयाने जो निकाल दिला तो मला अतिशय बारीक विचाराचा वाटतो. ती छायाचित्रं जशीच्या तशी छापायला मोकळी, असं न्यायालय म्हणालं. पण दोन-तीन चित्रं जोडून, त्यात चित्रपटातलं वाक्य घालून पात्र जिवंत केलंत तर ते पात्र चित्रपटाचं आहे. वस्तू विकणाऱ्याला छायाचित्र नको असतं, पात्र हवं असतं, हे न्यायाधीशांनी नेमकं ओळखलं.

पूह या अस्वलाची कथा तर लांबलचक आहे. ए. ए. मिल्नने १९३० साली पूहच्या वस्तू काढण्याचे हक्क स्टीफन स्लेसिंजर या अमेरिकन माणसाला विकले. पूहच्या अंगात लाल सदरा आला तो या स्लेसिंजरमुळे, पुस्तकातल्या रेखाटनातून नव्हे. १९६१ मध्ये हक्क डिस्नेकडे गेले, १९९१ मध्ये स्लेसिंजरच्या कुटुंबाने रॉयल्टी कमी मिळाली म्हणून दावा लावला आणि तो तेरा वर्षं चालला. शेवटी २००४ साली न्यायालयाने दावा फेटाळला, कारण रॉयल्टीचा हिशेब नव्हे. कुटुंबाने नेमलेल्या हेराने डिस्नेच्या कचऱ्यातून कागद पळवले होते! भारतात हिशेब निराळा. मिल्न १९५६ साली गेला, म्हणून त्याचे शब्द २०१७ पासून आपल्याकडे मोकळे. चित्रं काढणारा ई. एच. शेपर्ड १९७६ साली गेला, म्हणून ती चित्रं २०३६ अखेरपर्यंत बांधलेली. मराठीत पूहचा अनुवाद करणाऱ्याने आपला चित्रकार शोधावा. तसा कोणी केला तर मला आनंदच होईल. त्या अस्वलाला शेपर्डच्या नजरेतून बघून बघून आपण फार बांधले गेलोय.

आता आठवडे बाजारात या. पाच कंदील चौकापासून पुढे गेलं की दप्तरं, कंपासपेट्या, पाण्याच्या बाटल्या विकणारे बसलेले असतात. एका फळीवर छोटा भीम, डोरेमॉन, मिकी आणि स्पायडरमॅन शेजारी शेजारी. डोरेमॉनचा निळा रंग जरा जास्तच जांभळा, छोट्या भीमाच्या नावात एखादं अक्षर चुकलेलं. विकणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. माल मालेगावहून, सुरतेहून नाही तर मुंबईहून येतो आणि तो किलोवर किंवा डझनावर घेतो. गोष्टीचा पैसा जिथे खरा फिरतो ती जागा ही आहे, पुस्तकाचं दुकान नव्हे आणि तिकीटखिडकीही नव्हे. हे सगळ्यांत आधी ओळखलं ते बिअॅट्रिक्स पॉटर या बाईने. पीटर सशाचं पुस्तक आलं आणि १९०३ सालीच तिने सशाची बाहुली स्वतः शिवून तिची नोंदणी करून घेतली. प्रकाशकाच्या आधी. त्या काळात एकट्या बाईने दाखवलेली ही व्यवहारदृष्टी बघून थक्क व्हायला होतं.

पात्राचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं की दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत तो हक्क अखंड चालू ठेवता येतो. पण त्यालाही वापराची आणि प्रसिद्धीची साक्ष लागते. एनिड ब्लायटनच्या ‘नॉडी’ची दिल्ली उच्च न्यायालयातली हकीकत यासाठी वाचण्यासारखी आहे. परदेशी हक्कदार कंपनीने इथल्या एका कपडेवाल्यावर दावा लावला: मुलांच्या कपड्यांवर नॉडी हे नाव वापरतोस ते बंद कर. कपडेवाला ते नाव १९९५ पासून वापरत होता. त्याच्या आधी भारतात नॉडी घरोघरी पोचला होता हे कंपनीला सिद्ध करता आलं नाही, आणि कंपनी हरली. त्याच न्यायालयाने नागराज या चित्रकथेतल्या नायकाची नागेश नावाने केलेली नक्कल मात्र थांबवली होती. मुंबई उच्च न्यायालयानेही एका टीव्ही मालिकेच्या खटल्यात सांगितलं की पात्राला मालिकेबाहेर स्वतःची ओळख मिळालेली असेल तरच त्याच्या वस्तूंच्या हक्कावर बोलता येईल. लोकांनी आधी ओळखलं पाहिजे, मग कोर्ट ओळखतं.

श्यामची कंपासपेटी कधी निघाली नाही. विचार केला तर कळतं की निघणारही नव्हती. श्यामच्या गोष्टीत वस्तूच नाहीत; आहे ती वस्तूंची वाण. बाजाराला उचलून नेण्यासारखं त्या घरात काही ठेवलेलंच नाही, आणि बरंच झालं.

गणेशोत्सवातले देखावे हा आपल्याकडचा मोठाच धोक्याचा पट्टा आहे. २००७ साली कोलकात्यातल्या सॉल्ट लेकमध्ये एका दुर्गापूजा मंडळाने हॅरी पॉटरच्या शाळेचा भव्य मंडप उभारला. जे. के. रोलिंगबाईंच्या वतीने दिल्ली उच्च न्यायालयात दावा, नुकसानभरपाई मागितली वीस लाख. न्यायालयाने उत्सवापुरता मंडप राहू दिला आणि पुढे परवानगीशिवाय असं करू नका म्हणून बजावलं. पुढच्याच वर्षी ‘हरी पुत्तर’ या हिंदी चित्रपटावर वॉर्नर ब्रदर्स याच न्यायालयात गेली आणि हरली. हॅरी पॉटर वाचणाऱ्याला दोघांतला फरक कळतो, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. दोन्ही निकाल मला शहाणपणाचे वाटतात. पण आमच्या मंडळांनी पहिला निकाल ‘चालतंय’ असा वाचू नये.

मराठी बालसाहित्याकडे आलं की खटले थोडे आणि कुरबुरी फार. भा. रा. भागवत २००१ साली गेले, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे २०६१ अखेरपर्यंत हक्कात. १९८० च्या दशकात त्यावर दूरदर्शन मालिका झाली तेव्हा सुमीत राघवन फेणे झाला. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदारांच्या चित्रपटात अमेय वाघ. चित्रपटातला फेणे मोठा झालेला, प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्याचा माग काढतो. पुस्तकातला पोर तो हाच का, यावर वाचकांनी हवं तेवढं भांडावं. पण नावाचा आणि स्वभावाचा हक्क भागवतांच्या वारसांकडे आहे, त्यांच्या संमतीशिवाय तो मोठा होऊ शकत नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू १९९१ मध्ये वर्तमानपत्रात जन्मला आणि २०१२ मध्ये पडद्यावर आला. चित्रकार एक, लिहिणारा दुसरा, छापणारं वर्तमानपत्र तिसरं. अशा पात्राचा करार कसा लिहावा, याचा नमुना या पुस्तकात दिला आहे. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ मात्र आता मोकळा आहे. ताम्हनकर १९६१ साली गेले, २०२२ पासून त्या पुस्तकांना मुदतीची अडचण नाही. दूरदर्शनवरच्या ‘गोट्या’ची पटकथा आणि शीर्षकगीत अर्थात वेगळं. गॅदरिंगसाठी साहित्य शोधणाऱ्यांनी गोट्याकडे वळावं. दुर्लक्षित आणि खमंग मजकूर आहे.

कुरबुरी कशाच्या? बहुतेक वेळा तोंडी शब्दाच्या. आपल्याकडे लेखक म्हणतो, ‘घ्या हो, तुमचंच आहे’. निर्माता एक नारळ, शाल आणि पाकीट देतो. वीस वर्षांनी दोघांची मुलं एकमेकांना नोटिसा धाडतात. कायदा या बाबतीत लेखकाच्या बाजूला बराच झुकलेला आहे, हे लेखकांनाच ठाऊक नसतं. हक्क देणं हे लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात; प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी आल्या. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क करारात नाव घेतल्याशिवाय जात नाहीत. आणि चित्रपटात घेतलेल्या शब्दांचा किंवा संगीताचा चित्रपटगृहाबाहेर वापर झाला, तर त्या रॉयल्टीतला कवीचा आणि संगीतकाराचा वाटा करारानेही काढून घेता येत नाही. सही करण्याआधी हे कलम वाचलेला मराठी बालसाहित्यिक मला अजून भेटायचाय.

पैशापलीकडेही एक हक्क आहे. मन्नू भंडारींच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवर चित्रपट निघाला तेव्हा कथेची मोडतोड झाली म्हणून त्या न्यायालयात गेल्या. कलम ५७ खाली लेखकाला आपल्या कृतीच्या विकृतीविरुद्ध उभं राहता येतं, हे १९८६ सालच्या त्या खटल्याने ठळक केलं. कादंबरी मोठ्यांची, पण मध्यभागी आईबापांच्या घटस्फोटात सापडलेलं पोर. ‘श्यामची आई’च्या काही संक्षिप्त आवृत्त्या बघितल्या की मला या कलमाची आठवण होते. छापायला मोकळीक आहे म्हणून आईच्या तोंडचं बोलणं गाळायचं, वाक्यं ‘सुधारायची’, आणि वर मुखपृष्ठावर गुरुजींचंच नाव ठेवायचं, हे कायद्यात बसत असेल-नसेल, मला ते पटत नाही. संक्षेप करणाऱ्याने आपलं नाव तरी छापावं.

शेजारच्या मालेगावाबद्दल लिहिल्याशिवाय देवळ्यात छापलेलं हे पुस्तक पुरं होणार नव्हतं. २००० साली तिथल्या नासिर शेख यांनी हौशी मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला, पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. त्या धडपडीवर २००८ मध्ये माहितीपट आला आणि अलीकडे रीमा कागतींचा हिंदी चित्रपट. यंत्रमागावर काम करणारा सडपातळ तरुण सुपरमॅन झाला आणि आमच्या भागातली पोरं खूष झाली. विडंबन या प्रकाराला आपल्या कायद्यात नाव घेऊन सूट नाही, हा त्यातला ताण. पण मालेगावकरांना चोर म्हणण्याआधी मूळ सुपरमॅनचा हिशेब बघा. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी १९३८ साली त्या नायकाचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. कंपनीने त्यावर चित्रपट, खेळणी, कपडे काढून अमाप कमावलं. म्हातारपणी, १९७५ मध्ये, बोभाटा झाल्यावर त्या दोघांना वर्षाला वीस हजार डॉलर पेन्शन आणि पडद्यावर नाव मिळालं. नक्कल करणारा मालेगावचा गडी आणि सही घेऊन मोकळी झालेली कंपनी, यांत पोटावर पाय कोणी दिला हे मला विचारू नका. संपादकांनी या दोन प्रकरणांची मांडणी शेजारी शेजारी केली आहे, ती मला फार आवडली.

एक चांगली गोष्टही नोंदवतो. जे. एम. बॅरीने १९२९ साली ‘पीटर पॅन’चे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले. मुदत संपली तेव्हा ब्रिटिश संसदेने १९८८ च्या कायद्यात खास तरतूद करून त्या देशापुरती रॉयल्टी रुग्णालयाला कायमची दिली. आपल्याकडे ‘श्यामची आई’ वर्षानुवर्षं छापली ती पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाने, आताच्या पुणे विद्यार्थी गृहाने. १९०९ साली गरजू मुलांसाठी निघालेली संस्था. गुरुजींसाठीही अशी कायमची तरतूद हवी होती का, यावर संपादकांत मतभेद झाले आणि दोन्ही बाजू पुस्तकात आल्या आहेत. माझं मत नको असं आहे. पुस्तक स्वस्तात, पाच-दहा ठिकाणांहून, वाडीवस्तीवर पोचणं हेच गुरुजींना आवडलं असतं असं मला वाटतं.

पुस्तकात उणिवा आहेत. अॅनिमेशनवर फार थोडं आहे, ओटीटीच्या करारांवर त्याहून थोडं. अहिराणीतल्या मौखिक गोष्टींवर, ज्यांचा लेखकच कोणी नाही, एक प्रकरण हवं होतं. ते पुढच्या आवृत्तीत येईल असा शब्द संपादकांनी मला दिला आहे आणि तो इथे छापून मी त्यांना अडकवून ठेवतोय.

तुमच्या घरात आजीने किंवा वडिलांनी लिहिलेलं मुलांचं पुस्तक, नाटुकलं, गाण्यांची वही असेल तर ती काढा. लिहिणाऱ्याचं नाव, जन्म-मृत्यूची सालं, चित्रं कोणाची, छापायला कोणाला दिलं, नाटक-चित्रपटासाठी कोणाला काही लिहून दिलं का, हे पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या कोऱ्या तक्त्यात भरा, आणि त्याची एक प्रत वाचनालयात आणून द्या.